आमचाच सेल्फ आम्हालाच विकला, ७,८०० रुपयांना

लिहायची लाज वाटते, म्हणून दोन महिने लिहिलं नाही. मी इंदूरच्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत २८ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. दहावीला दरवर्षी ‘परिनालिका’, म्हणजे सोलेनॉइड, शिकवली. तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह सोडला की लोखंड कसं आत ओढलं जातं ते टेबलावर करून दाखवलं. आणि त्याच परिनालिकेवरून एका मिस्त्रीनं मला ९,२०० रुपयांना गंडवलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

हातोदजवळ आमची नऊ बिघे जमीन आहे, बटाईनं दिलेली. वडिलांच्या वेळचा मॅसी १०३५ ट्रॅक्टर आहे. नोव्हेंबर होता, सोयाबीन निघालेलं, गव्हाची तयारी. सकाळी बटाईदाराचा फोन आला, ‘मास्साब, सेल्फ नहीं उठा रहा.’ सेल्फ म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, स्टार्टर. गेलो. किल्ली फिरवली की एकदाच ‘टक्’ व्हायचं आणि पुढे शांतता. हेडलाइट लख्ख. म्हणजे बॅटरी ठीक. उतरलेली बॅटरी सहसा अशी एकदा टक् करून थांबत नाही, टकटकटक करत राहते आणि दिवे मंद होतात. एवढं मला कळत होतं, आणि एवढंच कळत होतं म्हणून घात झाला. काहीच न कळणारा माणूस निदान दोघांना विचारतो.

बटाईदाराच्या ओळखीचा मिस्त्री मोटरसायकलवर आला. वागणं गोड, दर वाक्याला ‘मास्साब’. त्यानं सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या दोन जाड टर्मिनलांवर पेचकस (स्क्रूड्रायव्हर) आडवा धरला. ठिणगी उडाली आणि सेल्फ भुर्र करून फिरला, इंजिन मात्र हललं नाही. तो म्हणाला, ‘देखा? खाली घूम रहा है, दाँत नहीं पकड़ रहा. बेंडिक्स गया, आर्मेचर भी जला है. पूरा सेल्फ बदलना पड़ेगा.’

हाच तो क्षण. रात्री झोप लागत नाही ती या क्षणामुळे.

सोलेनॉइड दोन कामं करतं. आतला दांडा ओढून बेंडिक्सचा पिनियन, म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चाक, इंजिनच्या मोठ्या चाकाच्या (फ्लायव्हीलच्या) दातांत ढकलतं, आणि त्याच दांड्याच्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर टेकवून मोटरला करंट देतं. पेचकसानं ते दोन बोल्ट बाहेरून जोडले की मोटर फिरणारच, आणि दांडा हललेलाच नाही म्हणून पिनियन बाहेर येणारच नाही. म्हणजे त्यानं माझ्या डोळ्यांसमोर सिद्ध केलं ते उलटंच होतं. मोटर ठणठणीत होती. ‘टक्’ होतंय म्हणजे कॉइलही ओढते आहे. बिघडलं होतं फक्त चकती आणि बोल्टांचं तोंड, जे ठिणग्यांनी जळतं. प्रयोग बरोबर, निष्कर्ष खोटा, आणि निष्कर्षावर मान डोलावणारा मी. दहावीच्या पोरानं असं उत्तर लिहिलं असतं तर शून्य दिलं असतं.

(तो पेचकसाचा उद्योग घरी करू नका. त्या मोठ्या टर्मिनलांत किंवा किल्लीच्या बारीक तारेत जमिनीवर उभं राहून शॉर्ट मारायचं आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये असायचा, अशानं चाकाखाली माणसं गेली आहेत. चालू करायचा तर सीटवर बसून, न्यूट्रलमध्ये.)

आता माझी बाजूही ऐका. वाफसा निघून चालला होता. बटाईदार डोक्यावर उभा. इंदूरच्या सियागंज बाजारात जाऊन चार दुकानं फिरायला अख्खा दिवस गेला असता. त्या परिस्थितीत कोणीही ‘कर बाबा’ म्हटलं असतं. माझा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, ‘बाबा, आधी गूगल तरी करायचं.’ शेतात उभं राहून बोलायला त्याचं काय जातं!

सेल्फ खोलून तो घेऊन गेला. अडीच तासांनी ‘कंपनीचा नवा’ घेऊन आला. खोक्यात होता, पण खोक्याची पट्टी आधीच फाडलेली. किंमत ८,७००, जुना ‘एक्सचेंज’मध्ये घेतो म्हणून ९०० कमी, म्हणजे ७,८००. मजुरी ६५०, बॅटरीची नवी केबल ४५०, येण्याजाण्याचे ३००. एकूण ९,२००. त्यातले ५,००० फोनवरून दिले, ४,२०० रोख. ९०० सुटले म्हणून मी मनातून खूश होतो, हे विशेष.

बसवताना मी हात लावला तर अंगठा काळा झाला. कंपनीतून आलेल्या मालाचा रंग अंगठ्याला लागतो का? नंबराच्या पट्टीवरही रंग फासलेला. मी काय केलं? रुमालाला अंगठा पुसला. जुना सुटा भाग नजरेआड जाऊ देऊ नका. जाऊ द्यायचाच तर आधी खिळ्यानं एक ओरखडा मारून मोबाइलवर फोटो काढा.

अकरा दिवस चालला. ऐन पेरणीच्या सकाळी परत ‘टक्’. मिस्त्रीचा फोन लागेना. भाड्यानं ट्रॅक्टर बोलावून पेरणी उरकली, बिघ्याला ३५० प्रमाणे ३,१५० रुपये.

मग मेहुण्यांच्या ओळखीनं एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सेल्फ नेला. त्यानं सोलेनॉइडची टोपी उघडली. चकती कानस मारून उलटी बसवलेली, बोल्टांची तोंडं जळून खड्डे पडलेली, तशीच. मग रॉकेलचा बोळा घेऊन त्यानं बॉडीचा रंग पुसला, आणि खालच्या अंगाला तीन खोलगट खुणा दिसल्या. मला घाम फुटला. आमचे वडील हिवाळ्यात सेल्फ अडला की त्याच जागी हातोडीनं ठोकायचे. तो आमचाच सेल्फ होता. पुसून, रंगवून, खोक्यात घालून मलाच विकलेला. वर ‘एक्सचेंज’चे ९०० सोडून माझ्यावर उपकार!

नवं सोलेनॉइड १,१५० आणि मजुरी २०० देऊन ट्रॅक्टर सुरू झाला. ते १,३५० जायचेच होते. बाकीचे १२,३५० हवेत गेले.

आता सरकारी दारांची कथा. ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी होते, पण बंदोबस्ताच्या गडबडीत. तिसऱ्या दिवशी अर्ज वाचून म्हणाले, ‘ये तो सिविल मैटर है, मास्साब. मिस्त्री से बैठकर बात कर लो.’ माझीच वस्तू मला नवी म्हणून विकली, तरी दिवाणी! पूर्वीचं ४२० कलम १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ३१८ झालं. आकडा बदलला, खुर्ची तशीच. पोच मागितली तर ‘विश्वास नहीं है क्या?’ शेवटी मी अर्ज स्पीड पोस्टानं पाठवला. तुम्ही पहिल्याच दिवशी तसं करा.

तक्रारीच्या एका हेल्पलाइनवर नोंद केली. आठ दिवसांनी फोन आला की तक्रार दुसऱ्या विभागाकडे गेली आहे. त्या विभागातून फोन आला की हा विषय आमचा नाही. मग तिसऱ्या कोणाचा तरी, ‘सर, शिकायत बंद कर दें?’ का बंद करायची? काय केलंत म्हणून बंद करायची? १९३० लावायचा विचार केला होता, पण तो ऑनलाइन फसवणुकीचा नंबर. मी तर शुद्धीत असताना, समोर उभा राहून पैसे दिले होते.

ग्राहक आयोगाची वाट उरली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही लागतोच असं नाही. पण वकील मित्रानं बिल पाहिलं आणि डोक्याला हात लावला. पावतीवर जीएसटी नंबर नाही, पार्ट नंबर नाही, आणि मोठ्या अक्षरात लिहिलंय ‘सेल्फ रिपेअर’. नवा सेल्फ असं कुठेच नाही. मी ती पावती न वाचता घडी करून खिशात घातली होती. ज्या माणसानं २८ वर्षं पोरांना ‘प्रश्न नीट वाचा’ सांगितलं, त्यानं.

तरी ५,००० च्या फोनवरच्या व्यवहाराची नोंद, म्हाताऱ्यानं लिहून दिलेला कागद आणि त्या तीन खुणांचे फोटो एवढं जमलंय. जळलेली चकती पुरावा म्हणून पिशवीत बांधून देवघराच्या फडताळात ठेवली आहे. संक्रांतीआधी ती तिथून हलव, असं बायको रोज सांगते.