डावा कौल न देणारी कार्डं: तीन ओरॅकल डेक दीड वर्ष वापरून झाल्यावर

आधीच सांगते, मला भविष्य वगैरे काही कळत नाही. कुणी हात पुढे केला तर फार तर मेंदी काढून देईन. पण चित्रांच्या कार्डांचं वेड जुनं आहे आणि गेल्या दीड वर्षात त्यापायी बऱ्यापैकी पैसे गेलेत, नवऱ्याला आकडा सांगितलेला नाही. मैत्रिणी सारख्या विचारतात की परीबिरीवाली ती ओरॅकल कार्डं, म्हणजे मनात प्रश्न धरून एक काढायचं आणि चित्रावरून उत्तर शोधायचं ती, घेऊ का, कुठला डेक म्हणजे संच घेऊ, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिला गोंधळ म्हणजे ओरॅकल आणि टॅरो एकच समजतात. टॅरोचं गणित ठरलेलं, ७८ कार्डं, २२ मोठी आणि ५६ छोटी, आणि चित्र कितीही भंगार असलं तरी तीन तलवारींचं कार्ड म्हणजे काय ते जगभर ठरलेलं आहे, त्यामुळे ते चालून जातं. ओरॅकलला असा कुठलाच नियम नाही. कुणी ४४ काढतं, कुणी ६०च्या वर जातं, विषय कुठलाही, अर्थ बनवणाऱ्याच्या मनाचे. म्हणजे आधाराला फक्त चित्र, आणि ते फसलं की हातात नुसता महागडा पुठ्ठा. बॉक्स किती देखणा आहे आणि कडांना सोनेरी मुलामा आहे का, हे बघून कोणी घेऊ नका, तो मुलामा पहिल्या महिन्यात बोटांना लागतो, रांगोळीच्या चमकीसारखा.

माझी पहिली खरेदी अशीच फसली. नाव घेत नाही, पण जांभळा बॉक्स, ४४ कार्डं, दोन हजारांच्या आसपास. उघडल्यावर इतकं गोड वाटलं की लगेच स्टेटसला फोटो टाकला. मग आठवड्याभरात लक्षात आलं की ४४ कार्डांवर एकच मुलगी आहे. केस कमरेपर्यंत, डोळे अर्धे मिटलेले, मागे धबधबा, खांद्यावर फुलपाखरू, फक्त ड्रेसचा रंग बदलतो. एका कार्डावर तिच्या हातात कंदील आहे, त्या हाताला मी तीनदा मोजून सहा बोटं! आता कॉम्प्युटरकडून काढून घेतलेलं चित्र असेल तर असेल बाई, पण छापण्याआधी एकदा बोटं तरी मोजायची. आणि प्रत्येक कार्डाच्या खाली मोठ्या वेलांटीदार अक्षरात शब्द छापलेले, लेट गो, ट्रस्ट, न्यू बिगिनिंग्ज. तो शब्द वाचला की चित्राकडे बघायचं कारणच उरत नाही.

मी एक साधी टेस्ट करते, तुम्हीपण करा. शब्दावर पोस्ट-इट चिकटवायचं आणि कार्ड घरात तीन जणांना दाखवायचं, यात काय चाललंय सांगा म्हणून. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर कार्ड भारी. तिघंही "छान आहे" म्हणाले तर ते कॅलेंडर. जांभळ्या डेकातली दहा कार्डं दाखवली, नऊ वेळा "छान आहे" आलं आणि एकदा "ही शाम्पूची जाहिरात आहे का".

पण खरी चीड वेगळ्याच गोष्टीची आली. तेव्हा आमचा घरमालक भाडं वाढवत होता आणि घर सोडावं की राहावं यावर घरात रोज वाद, तर मी ठरवून ११ दिवस रोज सकाळी एक कार्ड काढून वहीत लिहिलं. अकराच्या अकरा दिवस उत्तर तेच, सगळं छान होणार आहे, विश्व तुझ्या पाठीशी आहे. अरे पण भाडं कोण देणार, विश्व?? आमच्या आजोळी कोकणात अजून देवाला कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगावर कळ्या लावतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नको. लहानपणी मी बघितलंय, मामाला जमिनीच्या एका व्यवहारात डावा कौल आला आणि तो तिथेच मांडी घालून बसला, आणि मग घरी आल्यावर पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला की त्याला स्वतःलाच तो सौदा पटत नव्हता. देव बोलला की मामा बोलला ते बाजूला ठेवा, पण डावा पडायची शक्यता होती म्हणून तो कौल होता. जो डेक कधी "नको" म्हणतच नाही त्याला काय विचारायचं?

यानंतर यूकेवरून येणाऱ्या चुलत बहिणीकडून द फेअरीज ओरॅकल मागवला, सेकंडहँड. चित्रं ब्रायन फ्राउडची, सोबतचं अर्थांचं पुस्तक जेसिका मॅकबेथचं, २००० साली आलेला डेक आहे, म्हणजे इन्स्टाग्रामच्या लाटेच्या कितीतरी आधीचा. फ्राउड म्हणजे १९८२च्या द डार्क क्रिस्टल आणि १९८६च्या लॅबरिंथ या सिनेमांची सगळी दुनिया ज्याने कागदावर उभी केली तो माणूस. (लॅबरिंथमध्ये जे बाळ पळवून नेतात ते फ्राउडचंच पोरगं आहे, हे मला फार आवडतं.) इंग्लंडात डेव्हनला राहतो, तिथे डार्टमूरचा माळ आहे, शेवाळ, वाकडीतिकडी झाडं, खडक, आणि त्याच्या पऱ्या तिथूनच उगवल्यासारख्या दिसतात. नाकं लांब, गुडघे बाहेर आलेले, काहींच्या नजरेत सरळसरळ चावटपणा. आपल्याकडे कसं, परी म्हटलं की गोड पण आसरा, मुंजा, देवचार म्हटलं की पाठीतून गार जातं, याच्या पऱ्या त्या दुसऱ्या जातीच्या आहेत.

६२ कार्डं आहेत आणि कार्डावर फक्त नाव. कीवर्ड नाही, उपदेश नाही. आणि मुख्य म्हणजे यात त्रास देणारे पण आहेत. ग्लूमिनस डूम नावाचं एक कार्ड आहे, उदासीचा अगदी पुतळा. मावशी आली होती तेव्हा ते तिने काढलं, चष्मा वर करून दोन मिनिटं बघत बसली आणि म्हणाली, "अगं हा तर आपला अण्णा, पेन्शनच्या लाइनीतून आल्यावर." मग हसली, मग थोड्या वेळाने गप्प झाली, आणि मग जे अण्णांबद्दल बोलायला लागली ते चहा गार होऊन परत गरम करेपर्यंत. पुस्तकात काय लिहिलंय ते आम्ही उघडून बघितलंसुद्धा नाही. सोल श्रिंकर असंही एक आहे, म्हणजे जीव आक्रसवणारा, आणि प्रत्येकाच्या ऑफिसात एक असतो त्यामुळे कुणालाच समजावून सांगावं लागत नाही. कार्ड उलटं आलं तर पुस्तकात त्याचा वेगळा अर्थ दिलाय, म्हणजे डाव्या कौलाची सोय आहे.

तक्रारी आहेतच. यातली बरीच चित्रं फ्राउडच्या १९९८च्या पुस्तकातली आहेत, मोठ्या पानासाठी काढलेली, ती कार्डाच्या मापात बसवलीत. त्यामुळे काही ठिकाणी तपकिरीवर तपकिरी असा चिखल झालाय, ट्यूबलाइटमध्ये तर कोण कुठे आहे तेच कळत नाही, खिडकीपाशी न्यावं लागतं. कार्डाचं चित्र हाताच्या अंतरावरून वाचता आलं पाहिजे हे आपल्या सावंतवाडीच्या गंजिफावाल्यांना कधीचं माहितीये. दशावताराचे १२० गोल पत्ते, दहा अवतार आणि प्रत्येकाचे बारा पत्ते, राजा, प्रधान आणि एक ते दहा, आणि मत्स्याचा पत्ता असला की मासे लांबून मोजता येतात. ते खेळायचे पत्ते आहेत, ओरॅकलशी संबंध नाही, पण एवढ्याशा जागेत काय मावतं आणि काय सोडायचं हे शिकायचं तर ते बघावेत.

तिसरा डेक किम क्रान्स या चित्रकर्तीचा द वाइल्ड अननोन अ‍ॅनिमल स्पिरिट. हा पूर्ण फँटसी नाही, ६३ कार्डांत बहुतेक खरे प्राणी, पण ड्रॅगन, फिनिक्स, युनिकॉर्न पण आहेत. गट पाच, पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि आकाशाच्या जागी स्पिरिट, म्हणजे पंचमहाभूतांच्या अगदी दारातच. काळ्या शाईच्या बारीक रेघा, वर मोजका रंग, आणि भरपूर मोकळी जागा. फ्राउडमध्ये डोळा हरवतो, इथे थांबतो. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला हाच आवडतो, ती एक कार्ड काढते आणि त्या प्राण्याची गोष्ट रचते, मराठीच्या निबंधासाठी याहून चांगला क्लास मला तरी मिळालेला नाही. फक्त एक अडचण, चिन्हं तिकडची आहेत. घुबड निघालं तर पुस्तकाप्रमाणे तिकडे ते शहाणं, इकडे सासूबाईंनी ते कार्ड बघितल्याबरोबर "हे कशाला घरात" म्हणून पालथं घातलं, आणि मग स्वतःच म्हणाल्या, लक्ष्मीचं वाहन आहे म्हणा. टेस्टमध्ये पूर्ण मार्क! एका मिनिटात दोन अर्थ आणि दोन्ही एकाच बाईचे.

याच डेकची आधी मी एकदा नक्कल घेऊन बसले होते ते पण सांगते कारण हे फार चाललंय. एका ऑनलाइन सेलरकडे साडेतीनशेला दिसला, फोटो अस्सल बॉक्सचा, आलं काय तर रमीच्या पत्त्यांएवढी कार्डं, पुस्तक नाही, त्याच्या जागी एक क्यूआर कोड, तो स्कॅन केला तर तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ. काळी शाई राखाडी झालेली आणि बारीक रेघा भरून गेलेल्या, म्हणजे ज्या रेघांसाठी डेक घ्यायचा त्याच गायब. परत घेईनात, रिव्ह्यू टाकला तर तो काढला. स्वस्तात मिळालं हे खरं, पण चित्रकाराला यातला एक रुपया जात नाही. पामेला कोलमन स्मिथने १९०९ मध्ये टॅरोची ती चित्रं काढली जी आज जगभर मगवर आणि टीशर्टवर दिसतात, आणि तेव्हाच तिने पत्रात लिहून ठेवलंय की काम डोंगराएवढं आणि पैसे चिमूटभर. सव्वाशे वर्षं होत आली आणि गाडी तिथेच.

बाकी वापरातल्या बारीकसारीक गोष्टी. ओरॅकल कार्डं साधारण पत्त्यांपेक्षा बरीच मोठी असतात, माझ्यासारखे छोटे हात असतील तर पिसता येत नाहीत, चटईवर पसरून कालवायची, लग्नात अक्षता कालवतात तशी. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत कार्डं पापडासारखी वाकतात, ग्लॉसी असतील तर एकमेकांना चिकटतात पण. बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका, त्या डब्यात टाका.

तर घ्यायचं झालं तर, घरात मुलं असतील किंवा नुसतं चित्र बघत बसायला आवडत असेल तर क्रान्सचा घ्या, अस्सलच घ्या. गप्पा मारायला, लिहिताना अडकलात तर, किंवा मावशी येणार असेल तर फ्राउड, सेकंडहँड मिळाला तर उत्तम, फक्त कार्डं मोजून घ्या. जांभळा डेक मी भाचीला दिला, तिने त्यातली परी कापून वहीला लावली, छान दिसतेय.

आणि हो, माझ्या फ्राउडच्या डेकात सध्या ६१च आहेत. ग्लूमिनस डूम मावशी घेऊन गेली, फ्रिजवर लावलाय म्हणे, अण्णांच्या पेन्शनच्या कागदांशेजारी.