पाळणाघरांसाठी पैसा कुठे घालावा? खान्देशातल्या शहरांपुढचे चार मार्ग

महिला व बालकल्याण समितीत पाळणाघराचा विषय निघाला की पहिला प्रस्ताव बहुधा इमारतीचा असतो. इमारतीला अंदाजपत्रक असतं, निविदा असते, उद्घाटन असतं. पाळणाघर मात्र चालतं ते दिवसभर लेकरं सांभाळणाऱ्या बायांवर, आणि त्यांचा पगार दरमहा द्यावा लागतो. भिंती उभ्या आहेत आणि सांभाळायला कुणी नाही, अशी वेळ येते ती हा खर्च सुरुवातीला न मोजल्यामुळे. म्हणून इथे चार मार्गांची तुलना करताना आम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न आधी विचारला आहे: आई कामावर असते तितके तास हे दार उघडं राहील का?

कारण तासांचा हिशेब साधा आहे. एमआयडीसीतली पाळी आठ तासांची. शेअर रिक्षाची वाट पाहणं आणि जाणं-येणं धरलं की बाई घराबाहेर असते साडेनऊ-दहा तास. अंगणवाडी दुपारपर्यंत उरकते. उरलेला वेळ लेकरू आजीकडे, शेजारणीकडे किंवा नऊ-दहा वर्षांच्या बहिणीकडे असतं. ती बहीण त्या काळात शाळेत नसते, आणि पटावर तिचं नाव असल्यामुळे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

| मार्ग | रोजचे तास | कोणासाठी चांगला | कुठे अडतो |
|---|---|---|---|
| अंगणवाडीला जोडलेलं पाळणाघर | साडेसात, मनपाच्या भरीने दहा | वस्तीतल्या मजूर, घरकामगार बाया | अनुदान उशिरा, जागा अपुरी |
| घरगुती पाळणाघराला मदत | लवचीक | तान्ही बाळं, वेळी-अवेळी पाळ्या | बाई आजारी पडली की बंद |
| एमआयडीसीत सामाईक पाळणाघर | पाळीप्रमाणे | अंगावर पिणारं मूल असलेल्या कामगार | कंत्राटी बायांना मोजत नाहीत |
| हंगामी पाळणाघर | कामाप्रमाणे | मिरचीची पथारी, कापसाचं जिनिंग, वीटभट्टी | सावली, पाणी, तयार बाया |

पहिला मार्ग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’त २०२२ पासून ‘पाळणा’ ही योजना आहे. चालू अंगणवाडीतच पाळणाघर जोडायचं. वय सहा महिने ते सहा वर्षं, एका केंद्रात २५ मुलं, महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे साडेसात तास. अंगणवाडीच्या सेविका-मदतनीसांव्यतिरिक्त एक पाळणा सेविका आणि एक मदतनीस मिळते. खर्चात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. जागा, वजनकाटा, पोषण आहार, लसीकरणाची नोंद हे सगळं तिथे आधीच असतं. शिवाय आईला ते दार माहीत असतं, आणि वस्तीत या गोष्टीला फार किंमत आहे.

शहराने भर घालायची ती साडेसात आणि दहा तासांमधल्या फटीत. त्यासाठी तिसरी बाई लागते. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा असं केंद्र धरा. पाळणा सेविका साडेआठ ते चार. पाळणा मदतनीस अकरा ते साडेसहा. मनपाने नेमलेली तिसरी साडेआठ ते साडेअकरा आणि पुन्हा साडेतीन ते साडेसहा. असं लावलं तर कोणत्याही क्षणी निदान दोन मोठी माणसं खोलीत असतात. एकटीवर केंद्र कधीच सोडू नये. एका लेकराची शी धुवायला ती उठली की बाकीची उघडी पडतात. तिसरी बाई त्याच गल्लीतली हवी. दुभंगलेली पाळी लांबून येणारीला झेपत नाही, महिनाभरात ती सोडते. दुपारच्या जेवणाला दोघी कमी पडतात, तेव्हा अंगणवाडीच्या मदतनिसाने हात लावायचा हे आधी मुख्यसेविकेच्या, म्हणजे अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेच्या, साक्षीने ठरवून घ्यावं. नाहीतर रोज ‘तुझी मुलं, माझी मुलं’ सुरू होतं.

अंगणवाडी सेविकेवर मात्र पाळणाघर लादू नका. गृहभेटी, सर्वेक्षण, पोषण ट्रॅकर या ॲपवर भरायची माहिती, लसीकरणाचा दिवस, वरून येणारी निवडणुकीची कामं. तिच्याकडे दुपार उरत नाही.

आता पैसा. एका केंद्राचा नमुना हिशेब मांडू. आकडे गृहीत धरलेले आहेत, आपल्या गावाप्रमाणे बदलून घ्या. अनुदान अजून आलेलंच नाही असं समजून चाललो तर तीन बायांना प्रत्येकी १०,००० म्हणजे ३०,०००. आहार प्रत्येक मुलामागे रोज २५ रुपये, २५ मुलं, २६ दिवस: १६,२५०. भाडं ६,०००. वीज, साबण, फिनेल, औषधपेटी ४,०००. एकूण ५६,२५०, म्हणजे मुलामागे महिन्याला २,२५०. मजूर आई ५०० देऊ शकली तर शहराला मुलामागे १,७५० भरावे लागतील. एका केंद्राचे वर्षाला ५,२५,००० आणि पाच केंद्रांचे २६,२५,०००. पाळणा योजनेचा पैसा, सरकारी आहार आणि बिनभाड्याची जागा मिळाली की हाच आकडा झपाट्याने उतरतो.

याच हिशेबात दुसरी गोष्ट दडलेली आहे. २५ ऐवजी १८ मुलं आली तर आहार कमी होतो, पण पगार आणि भाडं तेवढंच राहतं. एकूण ५१,७०० होतात आणि मुलामागे खर्च जवळपास २,८७० वर जातो. म्हणून अर्धी भरलेली दहा केंद्रं उघडण्यापेक्षा भरलेली पाच बरी. दर सोमवारी पटापेक्षा प्रत्यक्ष हजेरी पाहा. हजेरी घसरली तर कारण बहुधा तीनपैकी एक असतं: वेळ जुळत नाही, मूल रडतं म्हणून घरचे नको म्हणतात, किंवा सांभाळणारी बाई बदलली.

बाई बदलते ती मानधन थकल्यामुळे. अनुदानाचा हप्ता दोन-तीन महिने लांबला की ती दुसरीकडे कामाला लागते. लेकरू नव्या चेहऱ्याला बिचकतं, आई खाडे करते आणि शेवटी घरी बसते. एका रखडलेल्या देयकाने इतकी घरं हलतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक केंद्रामागे तीन महिन्यांचा खेळता निधी, वरच्या हिशेबाने १,६८,७५०, बचत गटांच्या वस्तीस्तर संघाच्या खात्यात आगाऊ ठेवायचा. पगार दर महिन्याच्या पाच तारखेला त्यातून द्यायचा आणि अनुदान आलं की भरपाई करायची. लेखापरीक्षणात अडचण नको म्हणून ही पद्धत ठरावातच लिहून घ्यावी.

हे पैसे येतात कुठून? महापालिका-नगरपरिषदांना महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के निधी राखून ठेवावा लागतो. तो मार्चअखेर घाईत वस्तुवाटपावर संपवण्यापेक्षा एप्रिलमध्येच पाळणाघरांच्या पगारासाठी बांधून टाका. जिल्हा वार्षिक योजनेतही महिला व बालविकासासाठी तीन टक्के आहेत. त्यातून डागडुजी, शौचालय, पाण्याची टाकी अशी एकदाच होणारी कामं काढावीत.

दुसरा मार्ग घरगुती पाळणाघरांचा. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात, किंवा परिचारिका, पोलीस, दुकानात रात्री नऊपर्यंत उभ्या राहणाऱ्या मुली जिथे आहेत, तिथे साडेआठ ते साडेसहाची चौकट कामाची नाही. एखादी मावशी आपल्या घरात पाच-सहा मुलं सांभाळते आणि रात्रीही सांभाळते. तान्ह्या बाळाला तर लहान घर आणि एकच ओळखीचा हात अधिक मानवतो. शहराने इथे स्वतः काही चालवू नये, मदत करावी आणि अट घालावी.

नोंदणीला या बाया घाबरतात. नाव लागलं की मालमत्ता कर व्यावसायिक होईल, ही त्यांची धास्ती खरी आहे. सहा मुलांपर्यंत कर घरगुतीच राहील असा स्पष्ट ठराव आधी करा, मग नोंदवही उघडा. नोंद झाली की काय द्यायचं? उंबऱ्याला लावायचं लाकडी फाटक, स्वयंपाकाच्या ओट्याकडे जाणारी वाट अडवणारी जाळी, प्रथमोपचार पेटी, चटया, प्रत्येक मुलाला वेगळं अंथरूण. अटी थोड्याच, पण कडक: तीन वर्षांखालची तीनच्या वर नाहीत, गॅस त्याच खोलीत नको, पाण्याने भरलेली बादली किंवा टाकी उघडी नको, घरातल्या प्रौढांची पोलीस पडताळणी, मूल न्यायला येणाऱ्यांची नावं आणि फोटो वहीत. पाहणी न सांगता, दोन महिन्यांतून एकदा.

या मार्गाचा कमकुवत सांधा म्हणजे बदली. मावशी तापाने पडली की सहा आया कामाला मुकतात. चार-पाच घरांमागे एक फिरती प्रशिक्षित बाई शहराने पगारावर ठेवली तर हा प्रश्न सुटतो. सगळ्या मदतीतली हीच मदत आम्ही पहिली करू, खेळणी नंतर.

तिसरा मार्ग कारखान्यांचा. कायदा स्पष्ट आहे: २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा मिळाली. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० च्या कलम ६७ मध्ये हीच तरतूद आहे. त्यात आणखी एक सोय आहे: अनेक आस्थापनांनी मिळून, किंवा महापालिकेने चालवलेलं सामाईक पाळणाघर वापरायची. जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिल, चटई, पीव्हीसी पाइप अशा उद्योगांच्या रांगा आहेत. त्यांतली छोटी युनिटं ५० च्या आत राहतात किंवा बाया कंत्राटदाराच्या नावावर दाखवतात. एकेकट्या मालकाला पकडत बसण्यापेक्षा मनपाने खोली द्यावी आणि आठ-दहा युनिटांनी जागा आरक्षित कराव्यात. करारात एक ओळ हवीच: पैसे आरक्षित जागांचे, हजेरीचे नव्हेत, आणि त्या जागांवर कंत्राटी बायांच्या मुलांचाही हक्क. ही ओळ सुटली की पहिल्या मंदीत केंद्राला कुलूप लागतं.

अंतर हा इथला दुसरा प्रश्न. गर्दीच्या रिक्षात वर्षाचं मूल रोज दोनदा नेणं आईला नको असतं. म्हणून हा मार्ग अंगावर पिणाऱ्या मुलांसाठी चांगला, आणि दोन वर्षांपुढच्यांना घराजवळचं केंद्र बरं.

चौथा हंगामी. नंदुरबार आणि दोंडाईच्याला मिरची वाळवायच्या पथाऱ्या पडतात तेव्हा शेकडो बाया दिवसभर देठ खुडायला बसतात. मूल तिथेच साडीच्या झोळीत, तिखटाच्या धुळीत. इथे जागा निवडताना वाऱ्याची दिशा पाहावी लागते; पथारीच्या वाऱ्याखाली पाळणाघर नको. आईने अंगावरचा शर्ट दाराबाहेरच्या खुंटीला अडकवावा, हाताला आधी खायचं तेल चोळावं, मग साबणाने दोनदा धुवावं आणि मग बाळाला घ्यावं. तिखट नुसत्या पाण्याने जात नाही, आणि बाळाच्या डोळ्याला तो हात लागला की सगळं केंद्र ऐकतं. जिनिंगला कापसाचे तंतू, वीटभट्टीला धूर, नियम तोच.

हंगामी केंद्राची खरी अडचण बायांची आहे. पाच महिन्यांसाठी शिकलेली बाई मिळत नाही. वर्षभर चालणाऱ्या केंद्रांतल्या एकेक अनुभवी बाईला हंगामात इकडे पाठवून तिच्या जागी बदली द्यावी. आणि तिला मुलांची बोली यायला हवी: कुठे अहिराणी, कुठे भिली, कुठे पावरी. रडणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला प्रमाण मराठीत समजावता येत नाही.

मार्ग कोणताही घ्या, खान्देशात उन्हाळा वेगळा हिशेबात धरावा लागतो. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. नुसत्या पत्र्याच्या खोलीत मार्चनंतर मूल ठेवू नये. छताला मार्चच्या सुरुवातीलाच चुन्याचा जाड हात, वर कापडाचं किंवा पाल्याचं आच्छादन, समोरासमोर खिडक्या आणि कूलर. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करायची. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं, म्हणून अंघोळ आणि धुणं सकाळीच. पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतं तिथे मुलामागे रोज २० लिटर धरून तीन दिवसांची १,५०० लिटरची साठवण हवी. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवायचं, थोडंथोडं काढून नव्हे, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

हातांच्या प्रमाणात तडजोड नको. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहाच्या वीस मुलांमागे एक सांभाळणारी, असं प्रमाण आहे. खान्देशातल्या उन्हाळ्यात लहानग्यांसाठी आम्ही ते सहाला एक धरू.

पैसा एकाच ठिकाणी घालायचा असेल तर धुळे आणि जळगावच्या दाट वस्त्यांत पहिला मार्ग घ्या. नंदुरबारला पहिला आणि हंगामात चौथा. भुसावळला दुसरा, फिरत्या बदलीसह. एमआयडीसीचं सामाईक केंद्र तेव्हाच उघडा जेव्हा निदान पंधरा जागांचे करार सह्या होऊन हातात असतील.

ठरावाआधी वस्तीतली मोजणी करायची ती सकाळी सात ते नऊ, रिक्षाथांब्यावर आणि मजूरअड्ड्यावर. दुपारी घरोघर गेलात तर ज्या बायांना पाळणाघर हवं आहे त्या कामावर असतात, आणि ‘गरज नाही’ असं उत्तर घेऊन सर्वेक्षण परत येतं. विचारायचं एवढंच: निघता किती वाजता, परतता किती वाजता, मूल केवढं, आत्ता कुणाकडे, महिन्याला किती देता येतील. पहिल्या दिवशी २५ मुलं घेऊ नका. आठवड्याला पाच घ्या. पहिले दोन दिवस आई तासभर सोबत बसेल, तिसऱ्या दिवशी ती ओसरीवर, चौथ्या दिवशी दोन तास बाहेर. त्या दिवसांची तिची मजुरी बुडते, म्हणून पहिल्या महिन्याची फी घेऊ नका. या रीतीने पाच आठवड्यांत केंद्र भरतं, आणि दरम्यान बायांना प्रत्येक मुलाची झोपायची तऱ्हा कळलेली असते.