स्टँडबाय फायर सर्व्हिस, अक्कलकोट रोड एमआयडीसी: पोरांना पाच स्टार, एजन्सीला दोन

18 मे 2025 ला पहाटे आमच्या सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि 8 जण गेले, लहान लेकरू पण होतं त्यात. तेव्हापासून इथल्या कारखानदारांच्या जिवाला घोर लागलाय. म्हणून आमच्या लाईनीतल्या काही जणांनी वर्गणी काढून एका खाजगी एजन्सीची स्टँडबाय फायर सर्व्हिस घेतली. एजन्सीचं नाव लिहीत नाही, पण अजून बरेच जण अशी सर्व्हिस घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी सही करायच्या आधी हे वाचावं. 101 ला फोन लावायचाच, महापालिकेचा बंब येतोच, पण बंब येईपर्यंतची पहिली काही मिनिटं आपल्या हातात असतात आणि सुताला तेवढा वेळ पुष्कळ होतो.

सर्व्हिस म्हणजे काय तर पाण्याची टाकी आणि पंप बसवलेली छोटी गाडी आमच्या कोपऱ्यावर उभी असते, एक ड्रायव्हर आणि एक फायरमन ड्युटीवर, बाकीची पोरं ऑन कॉल. फोन आला की हातातलं काम टाकून यायचं. त्यातला एक रिक्षा चालवतो, दुसरा युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला आहे. दोघांनी पण मुंबईला सांताक्रूझच्या राज्य अग्निशमन केंद्रातनं सहा महिन्यांचा फायरमनचा कोर्स केलाय आणि भरती निघायची वाट बघतायत.

काम कसं करतात ते डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो. भर उन्हाळ्यात दुपारी आमच्या पॅनलमध्ये स्पार्क झाला, लूमखाली साचलेला कापसाचा भुगा पेटला आणि बघता बघता शेजारच्या खोलीतल्या गठ्ठ्यांपर्यंत गेला. ड्युटीवरच्या पोरानं आधी मेन स्विच पाडला, मग आमच्या कामगारांना बाहेर काढलं, माल वाचवायला म्हणून आत घुसणाऱ्या माझ्या भावाला हाताला धरून मागं ओढलं. तेवढ्यात रिक्षावाला आणि शिलाईवाला पोहोचले. ज्वाळा लवकर विझल्या, आम्हाला वाटलं झालं. पण त्या रिक्षावाल्या पोरानं एकेका गठ्ठ्याजवळ हाताची पाठ नेऊन बघितली आणि म्हणाला, "मालक, आतनं धुमसतंय, सगळे फोडावे लागतील." दाबून बांधलेल्या मालाचं असंच असतं, वरनं पाणी वाहून जातं आणि आतली ठिणगी तासन् तास जिवंत राहते, मग रात्री कुणी नसताना परत भडका. त्यांनी गठ्ठे ओढून अंगणात आणले, पट्ट्या कापल्या, थर उलगडून भिजवले, संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं. माझा अर्ध्याच्या वर माल आणि आख्खं शेड त्यामुळं वाचलं.

आता दुसरी बाजू. चहा पिताना त्या रिक्षावाल्या पोराच्या पायाकडं लक्ष गेलं, साधे कॅनव्हासचे बूट, एका बुटाचा सोल वितळून वाकडा झालेला. फायर सूट दोन आणि माणसं तीन. बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचा मास्क आणि हवेचा सिलिंडर, एकच, म्हणजे धुरात एकानं जायचं आणि बाकीच्यांनी ओला रुमाल बांधायचा, आणि ओला रुमाल विषारी धूर अडवत नाही हे त्या पोरांना आपल्यापेक्षा चांगलं माहितीय.

मग पगाराचं विचारलं. ऑन कॉलवाल्यांना फक्त कॉलचे पैसे मिळतात. थांबण्याचं काहीच नाही. शहराबाहेर जायचं नाही, फोन बंद ठेवायचा नाही, प्यायची नाही, हे नियम बरोबरच आहेत हो, पण एवढी बंधनं घालून त्या दिवसाचा रुपया द्यायचा नाही म्हणजे काय? गड्ड्याच्या यात्रेत लेकरांना घेऊन गेला तरी फोन हातातच. ड्रिलचे पैसे नाहीत. कॉल आला, पॅसेंजरला अर्ध्या वाटेत उतरवून निघाला आणि मध्येच कॉल रद्द झाला तर तेही नाहीत. ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विमा नाही, अपघात विमा नाही. आम्ही एजन्सीला महिन्याला जी रक्कम भरतो ती चोवीस तास माणसं तयार ठेवण्याचीच आहे की, मग ती तयार राहणाऱ्या माणसापर्यंत का पोहोचत नाही हे मला अजून कळलेलं नाही.

ब्रिटनमध्ये अशा ऑन कॉल फायरमनना तयार राहण्याबद्दल वर्षाची ठरलेली रक्कम मिळते, ड्रिलचे आणि कॉलचे पैसे वेगळे. पेन्शन आणि आजारपणाच्या रजेसाठी ते कोर्टात गेले आणि 2006 साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं त्यांच्या बाजूनं कौल दिला. आयर्लंडमध्ये 2023 च्या जूनमध्ये अशाच सुमारे 2000 पार्टटाईम फायरमननी संप केला, मागणी पगाराची होतीच पण हक्काच्या सुट्टीची पण होती, कारण कायम स्टेशनच्या आसपास अडकून पडल्यामुळं माणसं नोकरी सोडून जात होती. आपल्याकडं सुद्धा सुप्रीम कोर्टानं 2016 च्या जगजीत सिंग निकालात सरकारी खात्यातल्या तात्पुरत्या कामगारांना समान कामाला समान वेतन सांगितलंय. खाजगी एजन्सीला तो निकाल थेट लागू होत नाही, पण त्यातलं तत्त्व समजायला वकील लागत नाही.

बाकी सर्व्हिस ठीक. सिलिंडर वेळेवर रिफिल होतात, बिल वेळेवर येतं, ऑफिसात फोन उचलतात.

रिन्यूअलला आम्ही सगळ्यांनी मिळून एजन्सीला लेखी दिलंय. ऑन कॉल पोरांना महिन्याचा ठरलेला भत्ता, ड्रिलचे आणि रद्द झालेल्या कॉलचे पैसे, आठवड्यात एक दिवस फोनपासून सुट्टी, प्रत्येकाला स्वतःच्या मापाचे बूट आणि सूट, आणि विम्याच्या कागदाची झेरॉक्स आमच्याकडं. त्यासाठी दर वाढवावा लागला तर वाढवा, आमच्यातल्या एक-दोघांनी कुरकुर केली पण शेवटी सगळ्यांनी सही केली. एजन्सीनं बूट पाठवलेत, भत्त्यावर अजून "बघू" चाललंय. विम्याचा कागद आणि भत्त्याची पहिली एंट्री पोरांच्या पासबुकात दिसली की रेटिंग वाढवतो.