देवगडच्या हवेत दीड वर्ष वापरलेला लॅपटॉप: डिस्प्लेचा बिघाड आणि उत्पादकाची जबाबदारी

देवगडमध्ये आंब्याच्या पेट्या, काजूची पाकिटे आणि कोकम सरबताच्या बाटल्या यांची लेबले तयार करून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे लॅपटॉपच्या डिस्प्लेकडे मी इतरांपेक्षा अधिक बारकाईने पाहतो. साधारण दीड वर्षापूर्वी घेतलेल्या या मध्यम किमतीच्या 15.6 इंची लॅपटॉपचा वेग, कीबोर्ड आणि बॅटरी यांविषयी माझी काहीच तक्रार नाही. आंब्याच्या हंगामात तो सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो आणि कधी अडखळलेला नाही. म्हणून हा अनुभव केवळ डिस्प्लेपुरता लिहितो आहे.

खरेदी करताना खोक्यावर ‘फुल एचडी’ एवढेच ठळकपणे छापलेले होते. तपशील मागितल्यावर कळले की पॅनल 250 निट्स (प्रकाशमानतेचे एकक) प्रकाशाचे आणि एनटीएससी या मानक रंगसंचापैकी 45 टक्केच रंग दाखवणारे आहे. याचा अर्थ असा की पडवीत बसून काम केले तर अक्षरे फिकट दिसतात आणि हापूसच्या पेटीवरचा केशरी रंग छपाईत येतो त्यापेक्षा पडद्यावर बराच मातकट दिसतो. मी याला दोष म्हणत नाही, कारण या किमतीत असेच पॅनल येते. परंतु हे आकडे खोक्यावर ठळकपणे छापले जावेत, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

खरा त्रास वॉरंटीचे वर्ष उलटल्यानंतर लवकरच सुरू झाला. झाकण ठरावीक कोनापेक्षा अधिक उघडले की पडदा लुकलुके आणि मग काळा होई. झाकण थोडे खाली आणले की पूर्ववत दिसे. काळ्या पडद्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरला असता उघडलेले लेबल अंधुकपणे दिसत होते, म्हणजे पॅनलवर चित्र येत होते, फक्त पडदा उजळवणारा मागचा बॅकलाइट बंद पडत होता. बाहेरचा मॉनिटर जोडला तर त्यावर सर्व काही व्यवस्थित दिसे. पॅनल आणि ग्राफिक्स ठीक असून बिजागरीतून जाणारी केबल सदोष आहे, असा संशय येण्यास एवढे पुरेसे होते.

फोंडा घाट चढून कोल्हापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. तेथे लॅपटॉप कोठून आणला हे विचारण्यात आले आणि देवगड म्हणताच ‘किनाऱ्याच्या दमट हवेमुळे आतून गंज’ असे निदान झाले. केबल सुटी मिळत नाही, डिस्प्लेची संपूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, असे सांगून जो खर्च काढला तो लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याच्या जवळपास होता. गंजाचा फोटो आणि लेखी तपासणी अहवाल मागितला. दोन्हींपैकी काहीही मिळाले नाही.

नंतर कणकवलीतील एका कारागिराने माझ्यासमोर पॅनलची चौकट सोडवली. कनेक्टरच्या पिना स्वच्छ आणि चकचकीत होत्या. केबलचे आवरण मात्र बिजागरीच्या नेमक्या वळणावर चिरलेले होते आणि आतील बारीक तारांपैकी काही तुटलेल्या होत्या. हवेतील मिठाचा परिणाम असता तर तो आधी उघड्या पिनांवर दिसला असता, आवरणाच्या आत एकाच रेषेत दिसला नसता, हे त्याचे म्हणणे मला पूर्णपणे पटले. कंपनीने सांगितलेल्या रकमेच्या अगदी लहानशा भागात त्याने केबल बदलून दिली.

लॅपटॉपचे झाकण उघडणे-मिटणे हा गैरवापर नसून त्याचा मूळ वापर आहे. केबल कोणत्या वळणाने न्यायची, तिला किती ढील ठेवायची, हे उत्पादकच ठरवतो. ती वळणावर तुटली तर जबाबदारी त्याचीच, मग वॉरंटी महिन्याभरापूर्वी संपलेली का असेना. अ‍ॅपलच्या 2016 च्या मॅकबुक प्रोमध्ये अशीच केबल झिजून बॅकलाइट जाऊ लागला, तेव्हा मे 2019 मध्ये कंपनीने 13 इंची मॉडेलसाठी विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली. त्याआधीच, 2018 च्या मॉडेलमध्ये ही केबल सुमारे 2 मिलिमीटर लांब केल्याचे यंत्र उघडून पाहणाऱ्यांना आढळले होते. 15 इंची मॉडेल त्या योजनेतून वगळले गेले, हे मला अन्यायकारक वाटते. पण दोष रचनेचा असेल तर वॉरंटीची मुदत आड येऊ न देता कंपनी तो निस्तरू शकते, हे त्यातून दिसते.

दमट हवेची सबब तर मुळीच मान्य होण्यासारखी नाही. अनेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात 90 टक्क्यांपर्यंतची आर्द्रता, पाणी साचून थेंब होत नाहीत तोवर, चालते असे लिहिलेले असते. ‘मिल-स्टँडर्ड 810’ या लष्करी चाचण्यांची जाहिरातही होते, मात्र त्यांपैकी कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनीच निवडते आणि खाऱ्या धुक्याची चाचणी केली की नाही हे ग्राहकाला सहसा कळत नाही. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत लॅपटॉप विकायचे आणि बिघडल्यावर समुद्राकडे बोट दाखवायचे, हे योग्य नाही.

सर्वच बिघाड कंपनीच्या माथी मारावेत असेही माझे म्हणणे नाही. कीबोर्डवर पेन विसरून झाकण मिटले आणि पॅनल तडकले, तर तो खर्च ग्राहकाचा. एखादा मृत पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा न उजळणारा ठिपका, हाही आयएसओ 9241-307 या मानकातील वर्गवारीनुसार अनेक कंपन्या दोष मानत नाहीत.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधील ‘उत्पादन दायित्व’ (सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची भरपाई) हे प्रकरण अशा वेळी उपयोगी पडेल असे अनेकांना वाटते, परंतु त्यातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द उत्पादनाचे झालेले नुकसान वगळलेले आहे. त्यामुळे तक्रार सदोष वस्तू म्हणूनच करावी लागते. ती आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते आणि वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मी ती नोंदवली आहे. तुटलेली केबल, पिनांचे फोटो आणि कारागिराची पावती जपून ठेवली आहे. कंपनीकडे मी दोनच गोष्टी मागितल्या आहेत: केबलचा खर्च आणि गंजाच्या निदानाचे लेखी कारण. उत्तर आले नाही, तर हीच कागदपत्रे घेऊन मी सिंधुदुर्ग जिल्हा आयोगाकडे जाणार आहे.