इंकस्केप: रेडियमवाल्या भावांनो, टाकाच हे
पोळा जवळ आला की आपल्या इकडं ट्रॅक्टरवर रेडियमचं नाव टाकाचं काम लय येते, अन् त्यासाठी इंकस्केप हे कॉम्प्युटरवर चित्रं-अक्षरं काढाचं सॉफ्टवेअर एक नंबर आहे, वरून फुकट. मराठी अक्षरं पाथ केली (म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार केले) की शिरोरेषा एकमेकीवर चढते, तशीच कटिंगला टाकली तर प्लॉटर (रेडियम कापाची मशीन) प्रत्येक जोडावर ब्लेड फिरवते, म्हणून आधी अनग्रुप करून (अक्षरं सुटी करून) युनियन मारा, म्हणजे आकार जोडून एक करा, सगळं नाव एकसंध होते. डिफरन्समधे वरचा आकार खालच्यातून कापल्या जाते, गोलातून गोल कापला की बैलाचं शिंग तयार! 2023 च्या 1.3 व्हर्जनमधलं शेप बिल्डर टूल तर भारीच भाऊ, नुसता माऊस ओढून तुकडे जोडता येतात. मूळ अक्षरं मात्र कॉपी करून बाजूला ठेवा, पाथ झाल्यावर टाइप करून नाव बदलता येत नाही.