रिलॅक्सर केलेल्या केसांवर केराटिन: वर्ष होत आल्यावरचा अनुभव

मराठीत केराटिन, स्मूदनिंग, रिबॉन्डिंगचे अनुभव भरपूर वाचायला मिळतात, पण ते बहुतेक आपल्याकडच्या सरळ नाहीतर लहरी केसांचे असतात. माझे केस बाबांवर गेलेत. बाबा नायजेरियाहून पुण्यात शिकायला आले होते, आई पुण्याचीच. घट्ट वळ्यांचे, दाट आणि हात लावला की तुटतील असे हे केस. कॉलेजपासून मी रिलॅक्सर लावत आले आणि गेल्या वर्षी लंडनमध्ये त्याच केसांवर केराटिन करून घेतलं. दिसायला छान झालं. पण कुणी विचारलं तर मी ते सुरक्षित म्हणणार नाही.

आधी रिलॅक्सर म्हणजे काय ते सांगते, कारण सगळा धोका तिथूनच सुरू होतो. रिलॅक्सर म्हणजे वळ्यांचे केस कायमचे सरळ करणारं क्रीम. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड असतं. ‘नो-लाय’ (म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड नसलेला) म्हणून मिळतो त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडीन कार्बोनेट एकत्र कालवतात. दोन्हींचा पीएच 12 च्या वर. केसाला आकार देणारे गंधकाचे दुहेरी बंध हे रसायन तोडतं आणि त्यांच्या जागी एकाच गंधकाचा बंध तयार होतो. तो परत पूर्वीसारखा होत नाही. म्हणून टच-अप फक्त नव्या वाढीला, साधारण 8 ते 12 आठवड्यांनी करायचा. आधीच सरळ झालेल्या भागावर क्रीम पुन्हा गेलं की केस तिथेच तुटतो.

रिबॉन्डिंगचं रसायन वेगळं, बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट. ते दुहेरी बंध उघडतं आणि मग न्यूट्रलायझर ते नव्या आकारात जोडतो. रिलॅक्सरने बदललेले बंध त्याला उघडतही नाहीत, जोडताही येत नाहीत. उरलेसुरले चांगले बंध मात्र ते तोडतं आणि केस ओला असतानाच लोळागोळा होऊन हातात येऊ शकतो. पुण्यात सुट्टीला आले असताना एका पार्लरमध्ये मला अगदी प्रेमाने रिबॉन्डिंग सुचवलं होतं. आधी केसांना काय लावलंय, हे कुणी विचारलंच नाही. मी उठून आले. पुण्यात आज कितीतरी आफ्रिकन मुली शिकतायत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय: रिलॅक्सर झालेल्या केसांवर थायो, म्हणजे हे रिबॉन्डिंगचं रसायन, नको, आणि थायो झालेल्यावर रिलॅक्सर नको. मध्ये काही महिने गेले म्हणून फरक पडत नाही, तो भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबायचं.

केराटिनमध्ये केसांना क्रीम लावून ते गरम इस्त्रीने बसवतात. ते या दोन्हींत बसत नाही, म्हणून मी तयार झाले. लंडनमधली माझी केशरचनाकार लागोसची आहे, मी तिला आंटी म्हणते. तिने आधी ओला केस ताणून तो परत आखडतो का ते पाहिलं, मागच्या एका बटेवर चाचणी घेतली, टाळूवर ओरखडा नाही ना हे बघितलं आणि मगच पुढे गेली. ही ट्रीटमेंट करताना इस्त्री साधारण 230 अंशांपर्यंत तापवतात. रिलॅक्स केलेल्या केसांसाठी ते फार होतं. तिने त्याच्या बरंच खाली ठेवलं, तरी खिडकी उघडी असताना वाफेने माझे डोळे चुरचुरले.

पहिले तीनेक महिने खरंच सुखाचे गेले. मुळाशी आलेली नवी वाढ आणि खालचे सरळ केस यांच्यातला फरक जाणवेना, विंचरणं सोपं झालं. मग मुळं पुन्हा वळायला लागली, खालची लांबी मऊपणा सोडून खरखरीत झाली आणि दोन्हींच्या सांध्यावर केस तुटायला लागले, सगळ्यात जास्त डोक्याच्या मागे. कंगव्यात आलेल्या केसाच्या टोकाला पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला. माझे आखूड होते, गाठ नव्हती. म्हणजे गळणं नव्हे, तुटणं. आईने व्हिडिओ कॉलवर पाहून विचारलं, “अगं, मागचे केस एवढे विरळ कसे झाले?”

केसांपलीकडचीही काळजी आहे. केराटिनच्या बऱ्याच क्रीममधून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, आणि फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. 2010 मध्ये अमेरिकेत ओरेगॉनमध्ये कामगार सुरक्षा खात्याने तपासणी केली, तेव्हा ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ लिहिलेल्या बाटल्यांतही ते सापडलं. ती वाफ आपण कधीतरी घेतो, आंटीसारख्या बायका रोज. आता त्याऐवजी अनेक ठिकाणी ग्लायऑक्सिलिक अॅसिड वापरतात. पण 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका 26 वर्षांच्या बाईची हकिगत आली: तीन वेळा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा झाली. क्रीममध्ये हेच अॅसिड होतं. किडनीचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील, तर माझ्या मते हा विचारसुद्धा करू नये.

रिलॅक्सरही निर्धोक नाही. अमेरिकेतल्या ‘सिस्टर स्टडी’चा 2022 चा अहवाल 33,497 बायकांचा आहे. केस सरळ करणारी उत्पादनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कॅन्सरचा अंदाजित धोका 4.05 टक्के निघाला, कधीच न वापरणाऱ्यांमध्ये 1.64 टक्के. हा निरीक्षणातून आलेला संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, आणि कोणत्या ब्रँडमध्ये काय होतं याची नोंद त्यात नव्हती. तरी आकडा मोठा आहे. काळ्या बायकांमध्ये ही उत्पादनं वापरण्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे याची झळही त्यांनाच जास्त बसणार, आणि हे मला फार लागतं.

केराटिन मी पुन्हा करणार नाही. टच-अपही थांबवलाय. दर काही आठवड्यांनी आंटी खालचा थोडा भाग कापते, मध्ये सैल वेण्या घालते. कपाळालगतचे केस ओढले जाणार नाहीत अशा. सांध्यावर अजून तुटतात, पण पूर्वीपेक्षा कमी.