देगाच्या टोपीच्या दुकानाची छापील प्रत

एदगार देगा या फ्रेंच चित्रकाराने 1882 साली पेस्टलमध्ये, म्हणजे रंगखडूंनी, काढलेले टोप्यांच्या दुकानाचे एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. स्वामित्वहक्कातून मुक्त झालेल्या आपल्या संग्रहातील कलाकृतींची छायाचित्रे या संग्रहालयाने 2017 पासून कोणालाही विनामूल्य उतरवून घेण्यास आणि हवी तशी वापरण्यास खुली केली आहेत. त्या सोयीचा लाभ घेऊन मी या चित्राची फाइल घेतली आणि पुण्यातील एका मुद्रकाकडून तिची प्रत काढवून घेतली. हा अभिप्राय त्या प्रतीविषयी आहे. परंतु मूळ चित्र कसे आहे हे सांगितल्याशिवाय प्रतीचे गुणदोष सांगता येणार नाहीत.

पॅरिसमधील टोप्यांच्या दुकानात एक गिऱ्हाईक बाई उभ्या आरशासमोर टोपी घालून पाहते आहे. आरशाची पाठ आपल्याकडे असल्यामुळे ती स्वतःला कशी दिसते आहे, हे आपल्याला कळत नाही. दुकानातली मदतनीस हातात आणखी टोप्या घेऊन तयार उभी आहे, आणि देगाने आरसा नेमका तिच्या आड आणून तिला अर्धीमुर्धी झाकून टाकले आहे. गिऱ्हाईक पूर्ण दिसावे आणि नोकरदार बाई केवळ टोप्या पुढे करण्यापुरती उरावी, ही मांडणी मला या चित्रातील सर्वांत बोचरी गोष्ट वाटते. टोपी घालून पाहणाऱ्या बाईसाठी देगाची चित्रकार मैत्रीण मेरी कसाट हिने बैठक दिली होती. एखादी हालचाल अवघड असली आणि नेहमीच्या मॉडेलला ती उमगत नसली की आपण कधीमधी देगासाठी उभे राहतो, असे ती सांगत असे. आणि टोपी सावरणाऱ्या त्या हातांकडे पाहिले की तिला का बोलवावे लागले असेल, हे सहज पटते. 1886 साली भरलेल्या इम्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे क्षणाचा उजेड आणि रंग टिपू पाहणाऱ्या चित्रकारांच्या गटाच्या, आठव्या आणि अखेरच्या प्रदर्शनात हे चित्र होते.

आता प्रतीकडे वळतो. पहिली प्रत मी परत केली. मूळ चित्र 76.2 सेंटिमीटर उंच आणि 86.4 सेंटिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ चौरस आहे; ए-थ्री कागद त्यापेक्षा बराच लांबट असतो. मुद्रकाकडच्या मुलाने कागद पुरा भरावा म्हणून चित्राची उंची सुमारे एक पंचमांशाने छाटली होती. ज्या चित्रात काय झाकायचे आणि काय कापायचे हाच सारा विचार आहे, त्या चित्राला दुसऱ्या कोणी कात्री लावलेली पाहणे मला सहन झाले नाही. (त्याच मुलाने आधी फोन करून, “सर, एक बाई आरशामागे गेली आहे, फाइल बरोबर आहे ना?” असे विचारले होते. प्रश्न मार्मिक होता, हे मान्य करतो.) दुसऱ्या वेळी 30 सेंटिमीटर रुंद आणि 26.5 सेंटिमीटर उंच हे माप आणि चारही बाजूंना पांढरी समास असे मी कागदावर लिहून दिले. ते काम मात्र चोख झाले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले गेले नाहीत.

कागदाच्या बाबतीत चकचकीत, म्हणजे ग्लॉसी, पर्याय मुळीच घेऊ नये. शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी आपण वापरलेले ऑइल पेस्टल वेगळे. देगाचे पेस्टल कोरडे आहे. त्यात रंगाची पूड, भरीला पांढरी खडूची भुकटी आणि ती जेमतेम धरून ठेवण्याइतका डिंक असतो. रांगोळी जशी जमिनीत मुरत नाही, जमिनीवर बसते, तसा हा रंग कागदाच्या खरबरीत पृष्ठभागावर बसतो आणि प्रत्येक कणावर उजेड विखुरल्यामुळे त्याला ती मऊ, कोरडी झळाळी येते. ग्लॉसी कागदावर हीच गोष्ट सर्वांत आधी मरते. मी सुती लगद्याचा मॅट कागद आणि पिगमेंट (रंगकणांची) शाई निवडली. कपड्यांचे तपकिरी रंग आणि अंगाचा वर्ण यांच्या छटा तिने चांगल्या राखल्या आहेत. गडद भाग मात्र पडद्यावर दिसत होते त्यापेक्षा किंचित दबले आहेत.

खरी उणीव आकाराची आहे आणि तिला मुद्रक जबाबदार नाही. माझी प्रत मूळ चित्राच्या रुंदीच्या जेमतेम एक तृतीयांश असल्यामुळे, मूळ कागदावर सहा मिलिमीटर रुंद असलेला खडूचा फराटा येथे दोन मिलिमीटरचा होतो. संगणकावर फाइल मोठी करून पाहिली असता खडूच्या वेगवेगळ्या रेघा अलग उमटतात; भिंतीवर दीड हातावरून त्या एकमेकींत मिसळतात आणि चित्र जलरंगासारखे गुळगुळीत वाटू लागते. मूळ मापात तीनशे डीपीआयने, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, छापायचे तर लांब बाजूला दहा हजारांहून अधिक पिक्सेल लागतील, म्हणून फाइलचे माप पाहिल्याशिवाय मोठ्या प्रतीची मागणी नोंदवू नये.

फ्रेमला साधी काच लावण्याची चूक मी केली. दिवाणखान्यातली ट्यूबलाइट नेमकी आरशाच्या पाठीवर चकाकते आणि चित्रात नसलेले प्रतिबिंब तेथे उगवते. त्यामुळे परावर्तन न करणारी काच महाग असली तरी घ्यावी. माउंट, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती येणारी पुठ्ठ्याची पट्टी, शुभ्र घेऊ नये, फिकट राखाडी घ्यावे, कारण देगाचा कागद स्वतःच फिकट राखाडी होता आणि शुभ्र माउंटशेजारी चित्रातले उजळ भाग मळकट दिसतात. माझे माउंट शुभ्र आहे. येत्या रविवारी फ्रेम उघडून काच आणि माउंट दोन्ही बदलून घेणार आहे. प्रत तीच राहील.